सासूबाईंनी सोललेली सायकल

...आणि वर सासूबाई मलाच विचारतात, हेअर ड्रायर कुठे ठेवलाय! तुम्हाला सांगतो, शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणजे डोळे मी गच्च मिटले होते, पण बोटांच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढं शंभर टक्के खरं!

तर झालं काय, डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास सायकल मारा, तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर इंजेक्शन!" सुईच्या नावानेच मला घाम फुटतो हो! तडक दुकानात गेलो आणि घेतली... गडद निळी, दांडीवर कंपनीचं चंदेरी नाव, हे एवढं! आता असली देखणी वस्तू रस्त्यावर न्यायची कशी? खडी उडते, लोक टेकून गप्पा मारतात! म्हणून हॉलमध्ये, वर चादर. रोज सकाळी चादर काढायची, मऊ फडक्याने पुसायचं, चादर घालायची. दोन महिने!

आणि सासूबाई राहायला आल्या. तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई! चादर उचलली, सायकल निरखली, म्हणाल्या, "छान आहे, जावईबापू. चालवता कधी?"

"आई, ओरखडा पडेल ना..."

"बरं. मग चालवता कधी?"

म्हटलं, नाव बघा तरी केवढं मोठं आहे! तर म्हणतात, "कापडाच्या थानावर गिरणीचा शिक्का असतो, तो काय सदऱ्यावर मिरवायचा?" आणि मागितला ड्रायर! गरम हवा सोडली, नखाने स्टिकरचा एक कोपरा उचलला आणि जुनी शिवण उसवावी तसं एकेक अक्षर अलगद... अहो, एक फाटलं नाही! चिकटा राहिला, त्यावर केसांच्या तेलाचा बोळा फिरवला. मी संतापलेला माणूस, पण तोंडातून "वाह!" निघून गेलं. काय हात आहे! खालून नुसता निळा रंग, तळ्यासारखा! मी म्हटलं, आई, आता तर आणखीच जपायला हवी...

संपलं! उचलली कात्री आणि टोकाने दांडीवर... खर्रर्र!

"पडला ओरखडा," म्हणाल्या. "आता भीती कसली? चालवता कधी?"

आणि तुम्हाला सांगतो, खरंच भीती गेली! दुसऱ्या दिवसापासून मी रोज सायकलवर! चिखल काय, खड्डे काय, भिंतीला घासतेय तर घासू दे! महिन्याभरात साखर खाली, डॉक्टर थक्क, इंजेक्शन रद्द!

काय? बायकोकडे काय बघताय? ती हसतेच उगीच...

बरं, सांगतो. ओरखडा खरा. साखर उतरली, तेही खरं. मी सायकल चालवतो, तेवढं खोटं. चालवतात सासूबाई. मी मागून धावतो... "आई, हळू! आई, खड्डा!" करत, रोज अर्धा तास.