रिकामा कॅन

कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी, मुद्दाम उलटी करायची आणि पाण्यातून एकट्यानंच परत आत चढायचं, हा माझा सध्याचा उद्योग. समुद्रात उतरण्याआधी मी डिंभ्याच्या धरणात सराव करत होतो. त्या दिवशी वारा लई सुटला होता, लाटा उठत होत्या. मी खूश, राव.

युक्ती साधी असते. वल्ह्याच्या टोकाला घट्ट झाकणाचा रिकामा कॅन बांधायचा आणि वल्हं कयाकवर आडवं टाकायचं. कॅन तरंगतो, कयाक कलंडत नाही, आपण वर चढतो.

काठावर म्हशी चारणाऱ्या एक मावशी माझं हे पडणं-चढणं बघत होत्या. मी बाहेर आलो तसं त्यांनी विचारलं, "भाऊ, त्या कॅनात काय हाय?"

"काहीच नाही, मावशी. रिकामा आहे, म्हणून तर माणूस वाचतो."

"आमच्या मालकांची व्हडी हितंच उलटली, असाच वारा व्हता. डेअरीला निघालं व्हतं. त्यांच्यासंगं बी कॅन व्हते."

मी शहाणा लगेच बोललो, "मग धरायचे ना ते!"

"धरलेच व्हते. शेवटपर्यंत सोडले न्हाईत. दुधानं भरल्याले व्हते."

मी खाली बसून कॅनची दोरी सोडायला लागलो. त्यांनीच विचारलं, "दूध वतून दिलं असतं, तर वर आलं असतं का वो त्ये?"

"नाही, मावशी. एवढ्या वाऱ्यात नसते आले," मी म्हणालो. तो रिकामा कॅन हातात धरूनच म्हणालो.