खिडकीतल्या निवडुंगाचा काढा

ब्रिस्टलच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी कानावर आलं, तसा धम्मशीलाने फोन पर्समध्ये टाकला. मागे एक आजी होत्या आणि युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकणारी त्यांची नात.

“आजी, तुझ्या खिडकीतला तो उंच निवडुंग! आज लेक्चरमध्ये त्याचाच फोटो! मी ऑलमोस्ट ओरडली!”

“गार्डन सेंटरमधून आणलाय गं मी.”

“हो, नुसता ठेवायला लीगल आहे. पण त्याच्यात मेस्कलीन असतो! पेरू देशातले वैद्य हजारो वर्षं तो उकळून देतात. डोपामिनसारखाच मॉलिक्यूल, सरळ ब्रेनमध्ये! रंग हलतात, भिंती श्वास घेतात!”

“चढतो म्हण की.”

“टोटली! दहा-बारा तास! सगळा त्या हिरव्या सालीखाली असतो. म्हणून इतका कडू.”

“कडू आहे खरा.”

“तुला कसं माहीत?”

“जिभेला लावून बघितला. म्हटलं, कारल्यासारखा शुगरला चांगला असणार. विहारातल्या हरीशभाऊंना हातभर तुकडा दिला, उकळून प्या म्हटलं.”

“आजी! प्यायले?”

“गेल्या रविवारी, दोन कप. तरीच! वंदनेला बसल्या बसल्या रडले. पडदा काय सुंदर डोलतोय म्हणाले, आणि खिडकी तर बंद! काल दुसरा तुकडा मागून नेला.”

“ओ माय गॉड! फोन कर त्यांना! आत्ता!”

“करते, करते. पण त्या दिवशी पंचशील त्यांनीच दिलं गं आम्हाला. आणि पाचवं, ते नशा न करण्याचं, तीनदा म्हणवून घेतलं.”