लम्पीचं गणित

—न्हाई सर, घरात न्हाई ती, खोटं कशाला सांगू? शेजारी आसारामभाऊंच्या गोठ्यात गेलीय, यील आता. तुमी बसा. विद्यापीठातनं एवढ्या लांब आलाय—फोन उचलत न्हाई म्हनूनच ना? व्हय, आमचाबी उचलत नव्हती, मग एक दिवस ब्याग घेऊन दारात हुबी. आमच्या मोनिकाला कुनी काय बोललं न्हाई सर. तिचं तीच बोलतीय सोताला.

मला तिनं सांगितलं हुतं सगळं—जनावरांचा लम्पी कसा पळतो ते गनितात बसवायचं. मी म्हनलं, अगं, आजाराला काय गनित कळतंय? तर म्हनली, आई, त्याला कळत न्हाई, पन तो चालतो त्याच्या रीतीनंच—कुठं माश्या-गोचीड किती, कुठल्या बाजारातनं जनावर कुठं जातंय, लस कुनाला टोचलीय. एवढं घातलं की पुढं कुठं जानार ते कंप्युटर सांगतो. आन् सांगितलंबी की! काष्टीच्या गुरांच्या बाजाराकडची गावं तिनं आधी टोचायला लावली, ती वाचली. लस थोडी हुती ना. आमचं गाव तिनं शेवटी ठिवलं—आडबाजूला हाय, भाईरचं जनावर येत न्हाई, म्हनून. पारावर समद्यांम्होरं म्हनली, "भाईरनं जनावर आनू नका, आपल्याकडं न्हाई यायचा." आन् थोड्याच दिसांत आसारामभाऊंचा बैल पडला.

मेला, सर. त्या मानसानं शब्द काढला न्हाई—उलट पोरीला च्या पाजला. तेच लागलंय तिला. आता दिसभर त्या लॅपटॉपम्होरं—आकडे खोडती, परत घालती, ताट तसंच. "आई, माझं कुठं चुकलं? ह्या गावात आजार शिरायला वाटच न्हाई!" मलाच इचारती! मी खाली मान घालून भाकरी थापती.

वाट हुती सर. म्हंजे—जाऊ द्या, निघालंच तोंडातनं. माझी ननंद, राजेश्वरी, कोपरगावाकडं दिलेली. नवरा न्हाई, गाया डोळ्यांदेखत गेल्या. भावाम्होरं रडली—ही कालवड तरी ने, जगंल. न्यायला बंदी हुती, मालकांना का म्हाईत नव्हतं? पन भैन रडती म्हनल्यावर—टेम्पोत कडब्याच्या आड घालून आनली. चांगली हुती वो दिसायला, हात चाटायची. मग अंगावर गाठी आल्या. मेली, रानात पुरली, मोनी ब्याग घेऊन यायच्या आत. मालकांनी शपथ घातली मला—गावाला कळलं तर आसारामला त्वांड कसं दावू? आन् पोरीनं कसं दावायचं, ते कोन म्हननार? आता म्हनती, शिक्षन सोडते, गनितच खोटं हाय, सरांना तसं लिहून देते.

न्हाई सर! तुमी न्हाई सांगायचं तिला. परक्याच्या तोंडून कळलं तर बाप तिच्या मनातनं कायमचा उतरंल. अन् न्हाई सांगितलं तर—

थांबा. चप्पल वाजली.

ये मोनी. आधी हात धू. सर आल्यात. न्हाई, ते लॅपटॉप नगं उघडू, बस हितं माझ्याजवळ. बस म्हनते ना.

सर, तुमी जरा भाईर पडवीत बसा. दार वढून घ्या.