पॉइंट एक्केचाळीस

...नाही हो, आता सुटले म्हणून हसतेय मी. नाहीतर गेल्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता मला कुणी बघितलं असतं ना... बाह्या वर, चप्पल एकीकडे, चष्मा दुसरीकडे, हातात शिवणाच्या डब्यातली टेप, आणि मी कॉलेजच्या लॅबमध्ये जमिनीवर पालथी, टाकीच्या मागे डोकं घालून! इंजिनिअरिंगची प्राध्यापिका! दोन डिग्र्या! आणि एक तासानं परीक्षा!

थांबा, पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सांगते, गेली सहा वर्षं माझ्या गळ्यात एक लॅब आहे. गळ्यात म्हणजे गळ्यातच, हौसेनं ती कुणी घेत नाही. या भिंतीला पाण्याचे प्रयोग, त्या भिंतीला मास ट्रान्सफरचे. म्हणजे काय, तर या भिंतीला सगळं गळतं आणि त्या भिंतीला सगळं उडून जातं, आणि मधे उभी मी! एक प्रयोग तर असा आहे की बारीक काचेच्या नळीत ॲसिटोन घालायचं आणि ते किती उडालं ते बघत बसायचं. बघत बसायचं म्हणजे खरंच बघत बसायचं! तासाभरात केसाएवढं खाली जातं. एकदा मी आत आले तर चार पोरं नळीसमोर ओळीनं झोपलेली, आणि वहीत दर पाच मिनिटांचं रीडिंग, तीन दशांश स्थळांपर्यंत! झोपेत घेतलं का रे रीडिंग? "मॅडम, आळीपाळीनं झोपलो." आळीपाळीनं! चौघांच्याही गालावर टेबलाची खूण! आता यावर काय करणार? सबमिशनचा शेवटचा दिवस, टेबलावर जर्नलांचा डोंगर... आणि मी सही केली.

तर त्या पाण्याच्या भिंतीला एक साधा प्रयोग आहे. पाइपात एक चकती, चकतीला भोक. भोकातून पाणी जातं, पलीकडच्या टाकीत पडतं, टाकी दहा सेंटिमीटर भरायला किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचं. संपलं! हिशोबानं जेवढं पाणी जायला हवं त्याच्या बासष्ट टक्केच प्रत्यक्षात जातं. म्हणून उत्तर पॉइंट बासष्ट. पुस्तकात पॉइंट बासष्ट, जुन्या जर्नलात पॉइंट बासष्ट, माझ्या सहा वर्षांत प्रत्येक पोराचं पॉइंट बासष्ट. एखाद्या धाडसी पोराचं पॉइंट एकसष्ट, म्हणजे शंका येऊ नये म्हणून! मी खूश. म्हटलं, बाकी सगळं गळू दे, उडू दे, हे एक यंत्र माझं गुणी आहे हो!

आणि यंदा ती आली. दुसऱ्या कॉलेजातून बदलून, टर्म सुरू होऊन महिना झाल्यावर. बारीक चणीची, कडेला बसणारी, विचारलं तरच बोलणारी. जर्नल आणलं, मी उघडलं, आणि उत्तर काय? पॉइंट एक्केचाळीस!

म्हटलं, अगं, हे काय? म्हणाली, "तेवढंच येतंय मॅडम." म्हटलं, तेवढं कसं येईल? कुठेतरी चुकली असशील, पुन्हा कर. शनिवारी पुन्हा केलं. पॉइंट एक्केचाळीस. म्हटलं, घड्याळ उशिरा दाबतेस तू. पुढच्या शनिवारी पुन्हा. पॉइंट एक्केचाळीस! आता आमचे लॅबवाले मामा कुरकुरायला लागले... मामा म्हणजे लॅबचे खरे मालक, तीस वर्षं तिथेच, पंपाला लाथ कुठे मारायची ते त्यांनाच माहीत. "मॅडम, त्या पोरीला सांगा की जरा, माझा शनिवार जातोय, तिचं पॉइंट एक्केचाळीस काही जात नाही!" तिसऱ्या शनिवारी पुन्हा. पॉइंट एक्केचाळीस! वर्गात तिचं नावच ते पडलं. "ए पॉइंट एक्केचाळीस, जरा सरक ना!"

मग मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी आवाज मऊ केला आणि म्हटलं, "बाळा, बाकीच्यांचं बघ ना जरा, त्यांना कसं येतं ते..." कळलं ना तुम्हाला मी काय म्हटलं? तिलाही कळलं असणार. तिनं नुसती मान हलवली, आणि बुधवारी जर्नल घेऊन आली. सहीचा शेवटचा दिवस. गुरुवारी प्रॅक्टिकलची परीक्षा. जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं. उघडलं. पॉइंट एक्केचाळीस.

एकोणतीस जर्नलांवर सह्या केल्या हो मी त्या दिवशी, धडाधड! आणि तिचं तसंच परत दिलं. म्हटलं, उद्या सकाळी बघू. दारापाशी जाऊन ती म्हणाली, "मॅडम, मी उद्या लवकर येऊ का?" आणि तो आवाज असा काही होता की मला घरी जाईपर्यंत ऐकू येत होता.

घरी आमचे हे. दातांचे डॉक्टर. जेवताना सगळं सांगितलं, म्हटलं, काय हट्टी पोरगी आहे बघा! हे शांतपणे चावतायत, यांचं चावणंही असं पद्धतशीर की समोरच्याला राग यावा. मग म्हणाले, "तू स्वतः घेतलंस का कधी रीडिंग?"

म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे पेशंट सांगतो डावीकडची दाढ दुखते. तरी मी आरसा घालून बघतो ना? तू बघितलंस?"

मी म्हटलं, भाजी वाढू का? कारण काय सांगणार? सहा वर्षं हो! सहा वर्षं मी त्या लॅबची प्रमुख आणि मी तो पंपसुद्धा कधी चालू केलेला नाही! मी काय केलं? पोरांनी लिहिलं... आणि मी सही केली.

झालं, गुरुवारी आठ वाजता लॅबमध्ये. मामा किल्ली घेऊन हजर, तोंड आंबट. पंप लावला, लाथ मारली, पाणी सुरू. मी घड्याळ धरलं. एकदा घेतलं, दोनदा घेतलं, तीनदा घेतलं, भिंतीवरच्या तक्त्यात टाकीचं माप लिहिलंय, चाळीस बाय चाळीस, ते घालून आकडे मांडले... पॉइंट एक्केचाळीस!

ती पोरगी बरोबर. म्हणजे बाकीचे एकोणतीस...? म्हणजे मागच्या वर्षीचे तीस? त्याच्या आधीचे? इतक्या जणांना पॉइंट बासष्ट आलं कुठून? आकाशातून? उत्तर आधी लिहिलं आणि रीडिंग मागून बसवलं, दुसरं काय! आणि मी...? नाही, ते वाक्य आता पुन्हा म्हणवत नाही मला!

म्हटलं, मामा, चूक कुठे आहे? मामा म्हणाले, "टाकी मोजली का?" म्हटलं, तक्त्यात आहे ना! मामा म्हणाले, "तक्ता जुन्या टाकीचा आहे."

जुन्या टाकीचा! म्हटलं, मामा, टाकी कधी बदलली? "झाली आठ वर्षं. जुनी गंजून फुटली होती. तेव्हाच्या सरांना मी म्हटलं होतं, तक्ता बदला. ते म्हणाले, भिंतीचा रंग ओला आहे, वाळला की बदलू." मग? "मग सर बदलून गेले." आणि मला का नाही सांगितलंत? "तुम्ही विचारलं नाहीत. आणि पोरांचं उत्तर तर बरोबरच येत होतं!"

म्हणून मी जमिनीवर पालथी! टाकी समोरून बघितली तर चाळीसच हो, पण आत भिंतीकडे, पाइपांच्या खाली, अंधारात ती किती गेलीय हे कोण वाकून बघणार? टेपचं एक टोक मामांच्या हातात, एक माझ्या. साठ! चाळीस बाय साठ! ते माप घालून पुन्हा हिशोब केला... पॉइंट बासष्ट.

इतक्यात ती दारात. जर्नल छातीशी धरलेलं, डोळे सुजलेले. मी तशीच उठले, गुडघ्याला गंज, केसाला जळमट, आणि म्हटलं, आण इकडे! सही केली. या नोकरीतली पहिली खरी सही असेल ती. म्हटलं, तुझं रीडिंग बरोबर आहे, माझी टाकी चूक आहे, नंतर सांगते, पळ! कारण फाटकातून बाहेरचे परीक्षक आत येत होते. पाऊण तास आधी!

आता हे परीक्षक कोण? पोरं त्यांना सूक्ष्मदर्शक म्हणतात. दहाव्या दशांश स्थळावरून माणसाला घरी पाठवणारे. मामा हळूच म्हणाले, "मॅडम, तक्त्यावर कॅलेंडर टांगू?"

आणि मी हो म्हटलं! हो, म्हटलं! तुम्ही काय केलं असतंत? म्हटलं, आजचा दिवस निघू दे, उद्या बदलू तक्ता. भिंत काय, वाळलेलीच आहे!

चिठ्ठ्या काढल्या. तिला कुठला प्रयोग यावा? तोच! मी देवाचं नाव घेत होते, कारण तिला माप पाठ, चार वेळा केलेलं, आणि ते पाठ माप चुकीचं! नंतर सांगते म्हटलं, पण ते नंतर आलंच नाही ना! सूक्ष्मदर्शक तिच्याजवळ गेले. "किती आलं?"

"पॉइंट एक्केचाळीस."

पाण्याचं ठिबकणं ऐकू येत होतं. "एक्केचाळीस? टाकी केवढी?"

"चाळीस बाय चाळीस."

"कुठे लिहिलंय?"

तिनं बोट दाखवलं. "कॅलेंडरच्या मागे."

आता मी गप्प राहिले असते, तर ती पोरगी गेली असती. वर्ष गेलं असतं तिचं, माझ्या कॅलेंडरमागे! मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी सरळ पुढे गेले, कॅलेंडर ओढून काढलं, आणि म्हटलं, सर, तिचं काही चुकलेलं नाही. टाकी चाळीस बाय साठ आहे, आठ वर्षं आहे, मी आज सकाळी पहिल्यांदा मोजली. तक्ता चूक आहे. सहा वर्षं सगळ्यांचं पॉइंट बासष्ट येतंय, ते सगळं खोटं, आणि त्या सगळ्यावर माझी सही आहे. तिचं एकटीचं खरं.

एका श्वासात! मला वाटलं आता हे कागद काढतील, वर कळवतील, माझी नोकरी... सूक्ष्मदर्शकांनी चष्मा काढला. पुसला. टाकीकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं. मग माझ्या जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"मॅडम, या लॅबला मी चार वर्षं येतोय परीक्षेला. त्या प्रत्येक जर्नलवर तुमच्या सहीखाली कुणाची सही आहे?"

तुम्हाला सांगते, इतकं हलकं वाटलं ना मला! छातीवरून पाण्यानं भरलेली टाकी उतरवावी तसं! चाळीस बाय साठ!

मग त्यांचा आवाज चढला. "तीसही जण हा प्रयोग आज माझ्यासमोर करतील! खऱ्या मापानं!" आणि गंमत बघा, एकोणतीस जण त्या यंत्राभोवती उभे, एकमेकांकडे बघतायत. शेवटी एकानं विचारलं, "सर, पंप कुठून चालू होतो?" वर्षभर पॉइंट बासष्ट काढणारा पोरगा हो! आणि मग ती, आमची पॉइंट एक्केचाळीस, पुढे आली, आणि एकेकाला शिकवायला लागली, इथे दाब, इथे बघ, फुगे जाऊ दे आधी... लाथ कुठे मारायची तेसुद्धा! चार वाजले. कुणाचं पॉइंट अठ्ठावन्न आलं, कुणाचं सहासष्ट, कुणाचं साठ. वाकडीतिकडी, ओली, खरी उत्तरं! मला आयुष्यात आकडे कधी इतके गोड वाटले नव्हते. जाताना सूक्ष्मदर्शकांनी छोटं भाषण दिलं. खऱ्याची कास धरा, या मुलीकडून शिका, वगैरे. टाळ्या झाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी. मामांच्याही, पण ते म्हणाले ॲसिटोन आहे.

सगळे गेल्यावर ती बेसिनपाशी हात धूत होती. मी गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, बाळा, मी तुला सरळसरळ सुचवलं होतं, बाकीच्यांचं बघ म्हणून. तीस जणांत तू एकटी बधली नाहीस. वर्ष जायची वेळ आली तरी खरं तेच लिहिलंस. एवढा कणखरपणा आणलास कुठून गं?

तिनं नळ बंद केला. मग ओशाळून म्हणाली,

"मॅडम, कसला कणखरपणा... मी उशिरा आले ना, ओळख नव्हती कुणाशी. पहिल्या दिवसापासून सगळ्यांकडे रीडिंग उतरवायला जुनं जर्नल मागत होते मी. कुणी दिलंच नाही हो!"

घ्या! तिला म्हटलं, जा घरी, झोप जरा. आणि मी सरळ ऑफिसात गेले, ॲडमिशनवाल्या बाईंना म्हटलं, पुढच्या वर्षी माझ्या लॅबला दर बॅचमध्ये निदान एक पोरगं असं द्या, ज्याला वर्गात कुणी विचारत नाही. बाईंनी मान वर न करता फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला, आणि म्हणाल्या, "मॅडम, तसा रकाना नाही यात."