प्रियंकाचा विषय आणि माझा मोबाईल नंबर

आजच्या या सत्कार व निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय शिवदासकाका, अंधेरीहून खास वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राध्यापिका रुचिरा मॅडम, आपल्या महिला मंडळाच्या शेवंतीमावशी, व्यासपीठावर बसलेले आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून व्यासपीठाला टेकून उभे राहिलेले सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती आणि माझी धाकटी बहीण प्रियंका, पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच पदर डोळ्याला लावणारी माझी आई, आणि वाकोल्यातल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो, सर्वांना मनापासून जय भीम.

मला भाषणाची सवय नाही. मी ओमानमध्ये एका बंदराच्या बांधकामावर रिगर आहे. म्हणजे क्रेनच्या हुकाला माल अडकवायचा आणि खाली उभं राहून वरच्या ऑपरेटरला हाताने खुणा करायच्या. दिवसभर हातच बोलतो, तोंडाला काम नाही. शिवाय माझं शिक्षण नववी, तेही अर्धी. याच हॉलमध्ये शिवदासकाका अभ्यासवर्ग घ्यायचे तेव्हा मी त्या डावीकडच्या खिडकीतून उडी मारून पळायचो. काका, हसू नका, तुम्हीच एकदा माझी चप्पल जप्त केली होती. ती अजून परत मिळालेली नाही. त्यामुळे आज चार ओळी लिहून आणल्यात, त्या वाचतो.

आत्ता सूत्रसंचालन करताना सपनाने माझी ओळख करून दिली. म्हणाली, "बहिणीच्या पाठीशी डोंगरासारखा उभा राहिलेला भाऊ." तुम्ही टाळ्याही वाजवल्या. सपना, तुझे आभार गं, पण डोंगर पाठीशी नव्हता. डोंगर वाटेत उभा होता. परवा विमानात बसताना ठरवलं होतं, की ही गोष्ट आज सगळ्यांसमोर सांगून टाकायची. हार घालून घेतल्यावर सांगतोय, तेवढा लबाडपणा माफ करा.

प्रियंकाने बी.एस्सी. भौतिकशास्त्रात केलं, जोडीला मानसशास्त्र घेतलं, आणि आता ती मेंदू आणि वर्तन यावर एम.एस्सी. करायला बंगळुरूला निघालीये, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हे मानसशास्त्र तिला पहिल्या वर्षी मिळालं नव्हतं. का मिळालं नव्हतं? माझ्यामुळे.

आपल्याकडे एक पद्धत आहे. फॉर्म कुठलाही असो, शाळेचा, बँकेचा, गॅसचा, मोबाईल नंबर घरातल्या कर्त्या माणसाचा टाकायचा. वडील गेल्यापासून आमच्या घरी तो नंबर माझा. मी परदेशात असलो तरी मुंबईचं सिमकार्ड चालूच ठेवलेलं. बहिणीने कॉलेजच्या वेबसाईटवर काहीही केलं, की ओटीपी येणार समुद्रापलीकडे, माझ्या खिशात. मी तो वाचून दाखवायचा, मग तिचं काम पुढे सरकायचं. आम्हाला यात कधी काही वावगं वाटलं नाही. मला तर अभिमान वाटायचा. लांब असूनही घर माझ्याशिवाय हलत नाही, यापेक्षा परदेशातल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

तीन वर्षांपूर्वी, जोडविषय निवडायच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत माझ्या मोबाईलवर ओटीपी आला. पाठोपाठ तिचा फोन.

"दादा, नंबर सांग पटकन."

"कसला आहे?"

"जोडविषयाचा. सायकॉलॉजी घेतेय."

"म्हणजे वेड्यांचं?"

"वेड्यांचं नाही रे. सगळ्यांचं."

"मग पहिलं आईचं डोकं तपास, ती टीव्हीतल्या सुनेशी भांडते. प्रियंका, तू फिजिक्सवाली आहेस. त्याच्याबरोबर कॉम्प्युटर घे, मॅथ्स घे. लोक काय म्हणतील? पोरीचं काहीतरी बिनसलंय म्हणून हा विषय घेतला, असं म्हणतील."

"लोकांना मी सांगेन. तू नंबर सांग. आज पाचला बंद होतंय."

"नाही सांगत."

"दादा, प्लीज ना."

"नाही म्हणजे नाही. विषय बदल, मग मी सांगतो."

तिने फोन ठेवला. मी पण ठेवला, आणि हेल्मेट घालून परत कामावर गेलो. पण डोक्यात भांडण चालूच होतं. मी तिला एक सुनावायचो, मनातली प्रियंका मला उलट दोन सुनावायची.

दोनच्या सुमाराला आम्ही पाइपांचा गठ्ठा उतरवत होतो. वर क्रेनवर चंद्रप्रकाश, यूपीतल्या बलियाचा, माझा पाच वर्षांचा जोडीदार. आमच्यात खुणा साध्या असतात. तळवा जमिनीकडे करून हात आडवा हलवला की थांब. बोट खाली रोखून गोल फिरवलं की उतरव. गठ्ठा रॅकच्या कडेला आला, मी 'थांब' केलं. तरी गठ्ठा खाली आला, कडेवर आपटला आणि तिरका झाला. शेजारी उभा असलेला माणूस एक पाऊल मागे सरकला म्हणून त्याचा पाय वाचला. एक पाऊल, बस.

चंद्रप्रकाश खाली उतरताच मी त्याच्या अंगावर धावून गेलो. "दिखता नहीं क्या? स्टॉप दिया था मैंने!"

तो शांतपणे म्हणाला, "भाई, तूने नीचे दिखाया."

मी आईची शपथ घेतली. आई, तुला हे आज कळतंय, माफ कर. सेफ्टी ऑफिसमध्ये आमचे मोबाईल जमा केले आणि कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. सगळे स्क्रीनकडे बघत होते. आणि तिथे मी होतो, उन्हात उभा, बोट खाली रोखून गोल फिरवणारा.

मित्रहो, मशीन चुकलं तर दुरुस्त करता येतं. वायर झिजली तर बदलता येते. पण ज्या हाताने 'थांब' केलं म्हणून मी आईची शपथ घेतली, तोच हात समोर 'उतरव' म्हणत होता. आता कुठला नट घट्ट करायचा? मला वाटलं आपली वाट लागली. आपलंच डोकं फिरलं.

तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन. म्हणजे मुंबईत साडेचार. मी साहेबांना म्हटलं, "मोबाईल द्या, बहिणीला नवा ओटीपी मागवून सांगायचाय." साहेब म्हणाले, आधी जबाब. जबाब लिहून, सही करून बाहेर आलो तेव्हा मुंबईत साडेपाच वाजले होते.

मी फोन केला. माफी मागायला नव्हता केला, खोटं कशाला बोलू? घाबरलो होतो म्हणून केला. म्हटलं, "प्रियंका, मी वेडा झालोय का गं?"

तिच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो, भोग आता. ती म्हणाली, "आधी पाणी पी. कुणाला लागलं का?" मग तिने एकेक विचारून घेतलं. किती वाजता, ऊन किती होतं, डोक्यात काय चालू होतं. शेवटचं ऐकून ती म्हणाली,

"दादा, तू वेडा नाहीस. तुझं लक्ष माझ्याशी भांडत होतं. हात एकटाच काम करत होता. गठ्ठा खाली घ्यायची त्याला सवय, त्याने सवयीचं केलं."

"पण मला माझा हात दिसत होता ना!"

"उजेड डोळ्यात जातो ते फिजिक्स. डोळ्याच्या मागे त्याचं काय होतं ते केमिस्ट्री, बायोलॉजी. पण माणूस एक करतो आणि त्याला दुसरंच केल्यासारखं वाटतं, ते का, हे त्यातल्या एकाही पुस्तकात पूर्ण सापडत नाही. सगळं एकत्र ठेवून शिकावं लागतं. तेच मला शिकायचं होतं."

पण तोवर पाच वाजून गेले होते.

तिला जोडविषय मिळाला तो उरलासुरला, फुलशेती. आमच्या घरात तुळशीची कुंडी ठेवायला जागा नाही, आणि ही वर्षभर गुलाबाची कलमं शिकली. पण त्याच वर्षी ती रुचिरा मॅडमच्या मानसशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची. हजेरी नाही, मार्क नाहीत, नुसतं ऐकायला. मॅडम, तुम्ही तिला एकदाही उठवलं नाहीत. आमच्या घरावर हे तुमचे उपकार आहेत.

दुसऱ्या वर्षी जोडविषय बदलायची एक संधी आली. मागचे राहिलेले पेपर द्यायच्या अटीवर. प्रियंकाने मला तारीख सांगितली. त्या दिवशी मी सुट्टी टाकली, पगार कापून. सकाळपासून मोबाईल हातात धरून खोलीत बसलो. जेवलो तरी डोळा स्क्रीनवर. दुपार झाली, ओटीपी नाही. चार वाजले, नाही. शेवटी मीच फोन केला.

"अगं, नंबर आला नाही अजून!"

"माझ्याकडे आला. सकाळीच झालं सगळं. मिळालं सायकॉलॉजी."

तिने मागच्याच महिन्यात कॉलेजच्या ऑफिसमध्ये अर्ज देऊन माझा नंबर काढला होता आणि स्वतःचा टाकला होता. मला लागलं. खरंच लागलं. म्हटलं, "भरवसा नाही का उरला दादावर?"

"आहे रे. पण तू हुकाखाली उभा असतोस. तुझं लक्ष तिकडे असू दे. माझं मी बघते."

बंधू-भगिनींनो, आज तिच्या सत्काराला मी माझ्या वतीने एवढंच सांगू शकतो, की त्या दिवसापासून कामावर माझा हात चुकलेला नाही. आणि बंगळुरूला प्रवेश मिळाला ही बातमी मला तिने स्वतः फोन करून दिली. फॉर्म कधी भरला, विषय कुठले लिहिले, मला काही माहीत नव्हतं. एवढी गोड बातमी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

प्रियंका, सोमवारी जा. पोहोचलीस की कळव. नाही कळवलंस तरी चालेल, आईला मात्र कळव.

मला बोलायला उभं केल्याबद्दल अध्यक्षांचा, मंडळाचा आणि इतका वेळ पंख्याखाली घाम पुसत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचा मी ऋणी आहे. हाताने बोलणारा माणूस आहे, तोंडाने काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. आणि जेवायला जाण्याआधी, ज्यांच्या ज्यांच्या घरी मुलगी शिकतेय, त्यांनी तिच्या फॉर्मवर नंबर कुणाचा आहे, ते तिला जरूर विचारा.

जय भीम.