दाराच्या पोटातलं पाणी

...आणि वर मला विचारते, "गाडीत मासे पाळलेत का हो?" कोण? माझी विहीणबाई! माझ्याच गाडीत, माझ्याच शेजारी बसून! आता तुम्हाला सांगते, खोटं नव्हती बोलत. वळण आलं की तिच्या बाजूच्या दारातून डबक डबक आवाज, पायाखालचं कार्पेट चिखलासारखं, बिचारीचे मोजे पिळले असते तर तांब्या भरला असता... पण मी ऐकून घेणाऱ्यातली आहे का? ह्या गाडीची बॅटरी मी बदलते, वायपर मी बसवते, चाक मी काढते. मला कुणी शिकवलं नाही हो, माझं मी शिकले! तेव्हा गाडीत पावसाचं पाणी आलं म्हणजे पाप दुसऱ्या कुणाचं तरी, हे उघडच. मागे सून बसली होती. झालं!

"लेकीला काच वर करायची सवय नाही लावलीत," म्हटलं.

तिच्या आईला! तिच्यादेखत! सून नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. काच बंद होती हो. मला दिसत होती... पण उताराला लागलेल्या तोंडाला ब्रेक कुठला?

घरी पोचताच म्हटलं, आता अंगणातच सिद्ध करून दाखवते. सुनेच्या हातात टॉर्च दिला, तिला आत बसवलं, दारं लावली आणि बाहेरून नळी सोडली. गळती अशीच शोधायची, खालून वर, सावकाश, एकेक जागा भिजवत. हेही मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले! विहीणबाई वर गॅलरीत, हातात कप, पहिल्या रांगेचं तिकीट काढल्यासारखी.

"दिसतंय का गं?"

"नाही, आई."

"रबर बघ!"

"कोरडं आहे, आई."

"नीट बघ! डोळे आहेत की बटणं?"

मग नळी काचेवर धरली. धरली ती धरलीच... आणि आतून किंकाळी, "आई, आलं! दाराच्या आतून येतंय... अहो आई, बंद करा, माझे पाय!"

गुडघे कुरकुरले तरी वाकले, दाराच्या खालच्या कडेला डोकं घातलं. तिथली भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून चक्क बुजवलेली! कोण हा गाढव, म्हणणार होते... तर त्या लांबीवर अंगठा उमटलेला. अंगठ्यावर आडवा व्रण. करवत लागल्याचा. हा बघा, हाच!

अहो, धूळ येते म्हणून उन्हाळ्यात मीच बुजवली होती! म्हटलं, कारखान्यातले लोक विसरले असतील. काचेवरून पाणी दाराच्या पोटात उतरणारच, आणि ते बाहेर पडायला ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, एवढंच तेवढं शिकायचं राहिलं होतं. स्क्रूड्रायव्हर खुपसला मात्र, दारानं अशी पिचकारी मारली, थेट तोंडावर! धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं म्हणतात ना? ती कसली दुभंगते, नुसती चिखल झाली.

सून बाहेर आली, ओल्या पायांनी. "आई, तो अंगठा मला मागेच दिसला होता."

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"बोलणारच होते. तुम्ही थांबायची वाट बघत होते."

जिना चढले, पायरीपायरीला 'चुकले, चुकले' घोकत. वर विहीणबाई टॉवेल घेऊन उभीच. "पुसा आधी. किती निघाले?"

"काय किती?"

"मासे!"

म्हटलं हो चुकले. तिला म्हटलं, खाली येऊन सुनेलाही म्हटलं, मान वर न करता. ती म्हणाली, "असू द्या, आई," आणि कार्पेट वाळत घालायला गेली. त्या 'असू द्या'नं जी मेले, ती आठवडा झाला, अजून तशीच आहे.

नको ती सगळी भोकं बुजवत सुटले, आणि बुजवायचं ते हे एक नाकाखालचं राहून गेलं. बुजवायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नाही... आणि माझं मी काही शिकेन असं वाटत नाही; बघा ना, तुम्ही केव्हाचे उठून उभे आहात आणि मी बोलतेच आहे!