न घ्यायचं आडनाव

...आणि वर मलाच विचारतात, तांडेल, तुम्ही तोंड का उघडलंत? अहो, उघडलं नसतं तर हे विचारायला तुम्ही उरला असतात का? पण नाही. सहा माणसं जिवंत घरी आणली, त्याचं कुणाला काही नाही. एक आडनाव घेतलं, त्याचं मात्र सगळ्यांना! तुम्हाला सांगतो, बोटीचा तांडेल आहे मी, साठ वर्षं समुद्रावर काढली. अलेक फ्लेट म्हणतात मला... म्हणजे म्हणायचे. ते येईल पुढं.

तर आडनाव. आमच्या पोर्टहॅडीत काही शब्द बोटीवर काढायचे नाहीत. डुक्कर म्हणायचं नाही. पाद्री म्हणायचं नाही, काळा कोट म्हणायचं. आणि खाडीपलीकडच्या लोकांचं एक आडनाव आहे, दोन अक्षरांचं, ते तर जमिनीवरसुद्धा घ्यायचं नाही. का? मला नाही ठाऊक. माझा बाप घेत नव्हता. त्याचा बाप घेत नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कानावर पडलंच, तर थुंकायचं आणि गार लोखंडाला हात लावायचा. थांबा... ही कडी आहे इथं. हं. लावला हात. पुढं ऐका.

माझी मुलगी एलस्पेट. एकुलती एक. धक्क्यावर हेरिंग मासळी साफ करते, सुरी अशी चालते की बघणाऱ्याचे डोळे दमतात. गावात लग्नाचे मुलगे काय कमी होते? फ्लेट होते, स्लेटर होते, मेअर तर ढिगानं होते. हिनं कोण निवडावा? मासळीची पिंपं बांधणारा. बरं, पिंपवाला तर पिंपवाला, हाताला काम आहे. नाव काय? ह्यू. बरं. ह्यू काय? ...तेच! लोखंडाला हात लावा. तुम्हीपण लावा, काही बिघडत नाही.

मुलगा कसा होता ते मला विचारू नका. चांगला होता. त्याचाच तर राग यायचा. दारू नाही, शिवी नाही, सकाळी सगळ्यांच्या आधी कामावर. सोमवारी दारात आला, टोपी हातात धरून, आणि सुरू झाला, मिस्टर फ्लेट, मी ह्यू... मी म्हटलं, बस, तिथंच थांब. अर्ध्या नावावर या घरात येता येईल, पूर्ण नावावर नाही.

दुसरा असता तर भांडला असता. हा शांतपणे सांगायला लागला, की त्यांच्याकडच्या जुन्या भाषेत त्या आडनावाचा अर्थ जमिनीचं टोक, समुद्रात शिरलेलं. मी म्हटलं, म्हणजे खडकच की! त्याच्यावरच बोटी फुटतात. झालं ना सिद्ध?

एलस्पेट चुलीपाशी होती. मागं वळलीसुद्धा नाही.

"बाबा, टोक बघूनच तुम्ही घरी येता."

मग ती वळली. आमच्याकडं लग्नाच्या जेवणात मुलीच्या बापानं उठायचं, सगळ्यांसमोर जावयाचं पूर्ण नाव घ्यायचं आणि पेला उचलायचा. तसा रिवाजच आहे. ती म्हणाली, "शनिवारी ते नाव घेणार असाल तर या. नसाल तर येऊच नका. तुमची खुर्ची मी भिंतीला लावून ठेवीन."

आईवर गेलीय. तिची आईपण अशीच, आवाज न चढवता शब्दानं मारायची. आज असती तर तिनं आधी खुर्ची लावली असती.

मी काय केलं? मंगळवारी समुद्रावर गेलो. दुसरं काय करणार माणूस?

बुधवारी सकाळी परत फिरलो तर धुकं. धुकं म्हणजे कसलं... माझ्याच बोटीचं नाक मला दिसेना. वारा पडला, शीड लोंबायला लागलं, खाली हेरिंग भरलेली, बोट जड, सहा जण वल्ह्यांवर आणि मी सुकाणूवर. आणि आमच्या बंदराचं तोंड केवढं? दोन बोटी शेजारी शेजारी जातील एवढं. डावीकडं टोक, उजवीकडं खडक. लाटा फुटायचा आवाज दोन्हीकडून. कुठला कुठून, कुणी सांगावं?

तेवढ्यात ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मग जरा थांबून पुन्हा तीन. धक्क्याच्या अगदी शेवटी कुणीतरी पिंपाच्या लोखंडी पट्ट्यावर हातोडा मारत होतं. पुढच्या वल्ह्यावर जॉक मेअर, तो मान वर न करता म्हणाला, हा त्याचा हात आहे. सगळ्यांना कळलं कुणाचा. रोज ऐकतो की आम्ही, पट्टा बसवताना तीन ठोके आणि फिरवणं, तीन ठोके आणि फिरवणं. कुणी नाव घेतलं नाही. मी त्या आवाजावर बोटीचं नाक धरलं.

आणि मग, तुम्हाला सांगतो, मदतीला गाव आलं. देवा, त्या मदतीपासून वाचव! कुणी बादली बडवतंय, कुणी भोंगा फुंकतंय, बायका प्रार्थना म्हणतायत, आणि तो सगळा कल्ला टोकावर आपटून मागून परत येतोय. बंदर पुढं की मागं, हेच कळेना.

मी ओरडलो, सगळे गप्प बसा, एकटा पिंपवाला ठोकू दे! गावात पिंपवाले पाच. पाचही ठोकायला लागले. मी ओरडलो, एलस्पेटचा माणूस! एलस्पेट नऊ. त्यांच्यातली एक तर पंचाहत्तर वर्षांची, तिचा म्हातारासुद्धा बडवायला लागला. ह्यू म्हणून ओरडलो, तर ह्यू दर तिसऱ्या घरात. लाटांचा आवाज जवळ आला. शेवाळाचा वास यायला लागला, आणि शेवाळाचा वास म्हणजे खडक, हे मला कुणी शिकवायला नको.

जॉक म्हणाला, "तांडेल, नाव घ्या."

त्याच्या मागं सँडी स्लेटर, चार पोरांचा बाप. "घेऊ नका, तांडेल. बुडू. पण घेऊ नका."

ऐकलंत? बुडू म्हणतो! समुद्रावर ते नाव आमच्यात आजवर कुणी काढलेलं नाही, आणि काढायचं कुणी, तर मी? मी हाताखाली लोखंड चाचपलं. सुकाणूचा दांडा लाकडाचा. तेवढ्यात धुक्यात काहीतरी काळं दिसलं, उंच, वल्ह्याच्या अंतरावर. आणि डोळ्यांसमोर काय यावं? भिंतीला लावलेली खुर्ची.

घेतलं. पोटातून घेतलं. "रॉस! एकटा रॉस ठोक!"

धक्क्यावर एकदम सामसूम. माझं ऐकलं म्हणून नव्हे हो! अख्खं गाव हातातलं टाकून थुंकत होतं आणि मिळेल ती कडी धरत होतं. तिकडं ठीक आहे. पण माझ्या बोटीवर? सहाच्या सहा जणांनी वल्ही सोडली आणि नांगरावर उड्या टाकल्या! बोट वाहत टोकाकडं चाललीय आणि माझी माणसं नांगराला मिठी मारून बसलीयत. मी म्हटलं, एक हात नांगराला, एक हात वल्ह्याला, पण ओढा मेल्यांनो, ओढा. ओढलं. एका हातानं ओढलं.

आणि त्या शांततेत एकटाच आवाज. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. हललासुद्धा नाही तो. स्वतःच्या नावाला कोण थुंकणार? त्या आवाजावर आत आलो. टोक इतक्या जवळून गेलं की जॉकचं वल्हं त्याला घासलं.

शनिवारी उठलो, पेला उचलला, ह्यू रॉस म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं जातं. सगळे फ्लेट काटे-सुऱ्या घट्ट धरून बसले होते. एलस्पेट रडली. ती रडत नाही कधी.

सोमवारी बोटीवर गेलो तर एक माणूस नाही. सँडी आला, दहा पावलांवर उभा राहिला, म्हणाला, जीव वाचवलात, विसरणार नाही, पण त्या बोटीवर ते नाव निघालंय, आणि ते तुमच्या तोंडून निघालंय. बोलताना त्याचा हात खिशात, किल्लीवर. माझ्यासाठी! तेव्हापासून हेच. दुकानात गेलो की बायका कुजबुजतात, तो आला. लोक थुंकतात, दाराच्या कोयंड्याला हात लावतात. अलेक फ्लेट कुणी म्हणत नाही. माझं नाव घेत नाहीत हो!

आता बोटीवर आम्ही दोघं, मी आणि जावई. लग्नाआधी त्यानं कधी वल्हं धरलं नव्हतं, अजूनही उलट्या करतो. पण पहाटे दारात येतो, टोपी हातात, आणि म्हणतो, चला, मिस्टर फ्लेट, भरती आलीय. सगळ्या पोर्टहॅडीत मला नावानं हाक मारणारा एकच माणूस उरलाय...

सोडा ती कडी. आता काय उपयोग? रॉस.